डिजिटल सही परदेशात का अडते?

माझ्या सांगलीच्या मामेभावाने आयर्लंडमधल्या एका विद्यापीठाला डिजिटल सही असलेली मार्कशीट पाठवली. उत्तर आलं, ‘सही पडताळता येत नाही.’ प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर! मी साताऱ्यात बसून तीच फाइल लॅपटॉपवर उघडली, तर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह. ई-आधार डाउनलोड केलं असेल तर तुम्हीही ते पाहिलं असेल. मार्कशीट बनावट होती का? नाही. मग अडलं कुठे?

सही तपासतात कशी?

सही करताना फाइलचा एक गणिती ठसा तयार होतो आणि अधिकाऱ्याच्या गुप्त चावीने त्यावर सही होते. नंतर एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही. पण ती चावी त्याच अधिकाऱ्याची कशावरून? ते सांगतं डिजिटल प्रमाणपत्र. ते देते परवानाधारक प्रमाणन संस्था आणि तिला परवाना देतो केंद्राचा नियंत्रक, म्हणजे सीसीए. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार या साखळीचं मूळ तिथे आहे.

साताऱ्यातली सही सांगलीत चालते, कारण दोन्हीकडे मूळ एकच. परदेशातल्या सॉफ्टवेअरकडे मात्र विश्वासू मुळांची स्वतःची यादी असते. आपलं मूळ त्यात नसेल, तर ते सरळ म्हणतं, ‘ओळखत नाही.’

मग यादीत घालून का टाकत नाहीत?

कारण धोका मोठा आहे. जुलै २०१४ मध्ये उघडकीस आलं, की याच साखळीतल्या एनआयसीच्या प्रमाणन संस्थेकडून गुगलच्या डोमेनसाठी अनधिकृत वेबसाइट प्रमाणपत्रं निघाली होती. त्यानंतर गुगलने क्रोममध्ये भारतीय मुळावरचा विश्वास मोजक्या डोमेनपुरता ठेवला. चूक एका कडीची, फटका सगळ्या साखळीला.

देश एकत्र आले तर?

युरोपीय संघाने २०१४ मध्ये ‘ईआयडास’ नियम केला. १ जुलै २०१६ पासून आयर्लंडमधली ‘पात्र’ दर्जाची सही स्पेनला मानावीच लागते, कारण प्रत्येक देश आपल्या मान्य संस्थांची यादी ठरलेल्या साच्यात जाहीर करतो. आशियात २००१ पासून आशिया पीकेआय फोरम (पुढे कन्सोर्टियम) त्याच दिशेने काम करतोय, पण युरोपसारखा बंधनकारक नियम इथे नाही. आपल्या कायद्याच्या कलम १९ नुसार परदेशी प्रमाणन संस्थांना मान्यता देता येते. पण आपली सही बाहेर चालायची, तर समोरच्या देशानेही दार उघडायला हवं.

तोवर काय कराल?

• मूळ पीडीएफच पाठवा. प्रिंट काढून स्कॅन केलं, की सहीचं फक्त चित्र उरतं.
• कागदपत्रावर क्यूआर कोड किंवा पडताळणीची लिंक असेल, तर ती मेलमध्ये वेगळी द्या.
• अपोस्टिल चालेल का, विचारा. भारत २००५ पासून त्या करारात आहे.

मामेभावाने पडताळणीची लिंक पाठवली आणि तीन दिवसांत काम झालं. तुम्ही मात्र हे मुदतीच्या महिनाभर आधीच विचारून ठेवा.