‘वासना’ आणि ‘शोध’ : अस्थिर काळातील एका संहितेचा इतिहास

मराठी गद्याच्या प्रारंभकाळाचा विचार करताना यादवांच्या देवगिरीकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. परंतु ‘लीळाचरित्रा’चा भूगोल राजधानीपुरता मर्यादित नाही. चक्रधरांच्या भ्रमणात आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील पैनगंगेकाठचे मेहकर आणि सरोवराकाठचे लोणार ही गावे येतात, आणि त्यांच्या वास्तव्याच्या जागांची टिपणे पुढे ‘स्थानपोथी’तही घेतली गेली. देवळांच्या ओवऱ्यांत आणि गावोगावच्या बिऱ्हाडांत झालेल्या बोलण्याला लेखनविषय होण्याची योग्यता लाभली, ही घटना ज्या काळात घडली तो काळ मात्र ज्ञानव्यवहारास अनुकूल नव्हता.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आशिया खंडाचा राजकीय नकाशा मोडत होता. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले. १२७९ मध्ये दक्षिण चीनमधील सोंग सत्ता संपली. १२९९ आणि १३०३ मध्ये मंगोल फौजा दिल्लीपर्यंत येऊन ठेपल्या. वायव्येकडील हा धोका आणि दक्षिणेकडील मोहिमा यांचा परस्परसंबंध लक्षात घ्यावा लागतो. कारण मोठे खडे सैन्य पोसू पाहणाऱ्या सुलतानीस दक्षिणेतील संपत्ती मोलाची होती. १२९६ मध्ये अलाउद्दीनाने देवगिरीवर स्वारी केली, १३०७-०८ च्या सुमारास मलिक काफूर चालून आला आणि १३१८ पर्यंत यादवसत्ता नामशेष झाली. मध्य आशियात उठलेल्या वादळाचे पडसाद अशा रीतीने वऱ्हाडापर्यंत पोहोचले.

म्हाइंभटाने रिद्धपूर येथे नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली लीळांचे संकलन केले ते १२७८ च्या सुमारास, म्हणजे या उलथापालथीच्या उंबरठ्यावर. त्याची पद्धती साक्षीची होती. चक्रधरांना ज्यांनी पाहिले, ऐकले त्यांच्याकडून प्रसंग मिळवावयाचा आणि नागदेवांकडून तो पारखून घ्यावयाचा. भाषेविषयीची भूमिकाही तितकीच निश्चित होती. संस्कृतात रचना करू इच्छिणाऱ्या केशोबासाला नागदेवांनी परावृत्त केले, कारण त्यामुळे पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या, अशी आठवण ‘स्मृतिस्थळा’त नोंदविलेली आहे. ज्ञान कोणासाठी, या प्रश्नाचे इतके रोखठोक उत्तर त्या काळात विरळाच आढळते.

पुढे सुलतानी फौजांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, असे पंथपरंपरा सांगते. संहितेची पुनर्रचना स्मृतीच्या आधारे करावी लागली. हिराइसा या स्त्रीच्या मुखोद्गत पाठाला तीत महत्त्वाचे स्थान मिळाले. त्याबरोबर इतरांचे पाठही पुढे आले. एकच घटना दोघांच्या स्मरणात दोन तऱ्हांनी राहिलेली असणे स्वाभाविक होते. अशा वेळी एखादा पाठ अधिकृत ठरवून बाकीचे पुसून टाकणे हा सोपा मार्ग होता. श्रद्धेय पुरुषाच्या चरित्राबाबत तर तो मोह अधिकच प्रबळ असतो. परंतु संकलकांनी पाठांतरे नोंदविली. ‘वासना’ या संज्ञेने त्यांनी भिन्न पाठ दर्शविला आणि ‘शोध’ या संज्ञेने नंतरच्या चौकशीतून हाती आलेली भर दर्शविली.

या दोन संज्ञांचे ज्ञानशास्त्रीय मोल पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. पाठभेद नोंदविणे म्हणजे आपल्या ज्ञानाला मर्यादा आहेत हे संहितेच्या अंगातच लिहून ठेवणे होय. बाहेर सत्ता डळमळीत असताना आत ग्रंथाची निरपवाद सत्ता उभारण्याची गरज या समूहाला वाटली नाही. देवाविषयीची श्रद्धा अढळ आणि त्याच्याविषयीच्या माहितीबाबत मात्र सावधपणा, असा हा दुर्मिळ समतोल आहे. संहिताचिकित्सा ही केवळ पाश्चात्त्य विद्येची देणगी होय, हे मत या पार्श्वभूमीवर बरेच सौम्य करावे लागते.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांचा अवलंब केला. त्यामागे परचक्राचे भय होते की तत्त्वज्ञानाची गोपनीयता, याविषयी मतभेद आहेत. परिणाम मात्र एकच झाला. पोथ्या टिकल्या, पण पंथाबाहेरील वाचकाला त्या बंद झाल्या. ज्या परंपरेने म्हाताऱ्या स्त्रियांसाठी मराठीचा आग्रह धरला, तिचेच वाङ्मय मराठी समाजाला शतकानुशतके अपरिचित राहिले. रक्षण आणि प्रसार ही दोन कार्ये नेहमी एकाच दिशेने जात नाहीत, हे यावरून दिसते. अस्थिर काळात ज्ञान जपण्यासाठी घातलेली कुलुपे काळ पालटल्यावर आपोआप उघडत नाहीत. ती उघडण्यास पुन्हा ज्ञानाचाच उद्यम लागतो.

तो उद्यम विसाव्या शतकात झाला. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला; ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्र भागशः छापले; शं. गो. तुळपुळे यांनीही संपादनाचे काम केले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली विस्तृत आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. कोलते १९०८ साली बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यात, नरवेल येथे जन्मले. त्या वेळी वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, कारभार इंग्रजांचा आणि १९०३ पासून जोड मध्य प्रांताशी, अशी स्थिती होती. पुढे हा जिल्हा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविलेल्या या संशोधकाने अनेक दशके ज्या संहितांची सेवा केली, त्यांतील चक्रधर त्याच्याच जिल्ह्यातील मेहकर-लोणार परिसरात वावरले होते.

आधुनिक संपादक पाठभेद देतो तेव्हा हिराइसेच्या काळातील संकलकांचेच कार्य तो निराळ्या साधनांनी पुढे नेत असतो. देवगिरीचे राज्य स्वतःला निश्चित मानत होते. ते उरले नाही. ‘एका पाठाप्रमाणे असे, दुसऱ्याप्रमाणे तसे’ असे सांगणारी संहिता मात्र उरली. तिच्यातील ‘वासना’ आणि ‘शोध’ पुढच्या वाचकाला निवाडा सांगत नाहीत. त्याच्याकडे त्या पुढील चौकशीचे दायित्व सोपवितात.