उजवीकडची पट्टी गेली तेव्हा...

परवा बाजारपेठेतल्या आमच्या नेहमीच्या साडीवाल्या शेठकडे दिवाळी अंकाची जाहिरात मागायला गेलो होतो. चहा झाला. मग शेठ म्हणाले, "पत्रकार साहेब, राग मानू नका, यंदा फेसबुकवर पाचशेचं बूस्ट मारलंय."

राग कसला? पण बाहेर पडताना एक गोष्ट आठवली. शेठचे पाचशे रुपये आज ज्या कंपनीच्या खिशात मोबाईलवरून जातात, तिला १२-१३ वर्षांपूर्वी मोबाईलवर पैसे कसे कमवायचे तेच कळत नव्हतं. हा इतिहास आपल्या धंद्याशी जवळचा आहे, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

१ फेब्रुवारी २०१२. फेसबुकने शेअर बाजारात उतरण्यासाठी अमेरिकेत, म्हणजे तिथल्या 'सेबी'कडे, कागदपत्रं दाखल केली. महिन्याला ८४ कोटी ५० लाख वापरकर्ते, वर्षाचं उत्पन्न ३७१ कोटी डॉलर, त्यातले ८५ टक्के जाहिरातींचे. डोळे दिपवणारे आकडे. पण त्याच कागदांत जोखमीच्या यादीत एक कबुलीही होती. ४२ कोटींहून जास्त लोक फेसबुक मोबाईलवरही वापरतात आणि त्या वापरातून आम्हाला थेट असं म्हणण्यासारखं उत्पन्न नाही!

असं का? पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला पानाची डमी आखायला शिकवायचे. आधी जाहिरातींच्या जागा आखायच्या, उरलेल्या जागेत बातम्या बसवायच्या. फेसबुकचं पान तसंच होतं. मधे मित्रमंडळींच्या पोस्ट, उजवीकडे जाहिरातींची उभी पट्टी. कॉम्प्युटरच्या रुंद पडद्यावर हे छान बसलं. मोबाईलचा पडदा मात्र चार बोटांचा. त्यावर उजवीकडे असं काही उरतच नाही. लोक कॉम्प्युटरवरून फोनवर सरकले आणि कंपनीची कमाईची जागाच पानावरून नाहीशी झाली. वाचक वाढतायत आणि जाहिरातीचा कॉलम गायब, असं संकट कुठल्याही संपादकावर येऊ नये.

९ मे रोजी कंपनीने कागदपत्रांत दुरुस्ती करून सांगितलं की रोजचे वापरकर्ते ज्या वेगाने वाढतायत त्या वेगाने जाहिराती वाढत नाहीत, आणि त्याचं एक कारण मोबाईल. १८ मे रोजी शेअर ३८ डॉलरला बाजारात आला. नॅसडॅकच्या यंत्रणेने पहिल्याच दिवशी दगा दिला, सौदे सुरू व्हायला उशीर झाला, तो गोंधळ वेगळाच. पण त्यानंतर भाव जो घसरला तो ४ सप्टेंबरला १७.७३ डॉलरवर बंद झाला. निम्म्याहून खाली.

दुसरं दुखणं अ‍ॅपचं. आयफोन आणि अँड्रॉईडसाठी वेगवेगळं पक्कं अ‍ॅप लिहायचं म्हणजे दुप्पट काम. म्हणून फेसबुकने शॉर्टकट घेतला. बाहेरून अ‍ॅप, आत मुख्यतः वेबसाईटच. त्या तंत्राचं नाव एचटीएमएल-५. एकदा लिहा, सगळीकडे चालवा. चालायचं, पण रखडत. शेवटी २३ ऑगस्ट २०१२ ला आयफोनचं अ‍ॅप नव्याने लिहून आलं, डिसेंबरात अँड्रॉईडचं. सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कार्यक्रमात झुकरबर्गने उघड कबूल केलं की एचटीएमएल-५ वर जास्त भिस्त ठेवणं ही कंपनी म्हणून आमची सगळ्यात मोठी चूक. कंपनीत तर असं झालं होतं म्हणतात की, नव्या गोष्टीचा आराखडा मोबाईलच्या पडद्यासाठी न काढता कुणी दाखवायला आला की झुकरबर्ग बैठकच आटोपती घ्यायचा.

पण माझ्या मते खरी कलाटणी अ‍ॅपमुळे नाही मिळाली. ती मिळाली एका साध्या निर्णयामुळे: कडेला जागा नाही ना, मग जाहिरात मधेच घाला. भाचीच्या बारशाचा फोटो, मग एक जाहिरात, मग मित्राची ट्रिप. तोच आकार, तशीच रचना, फक्त बारीक अक्षरात 'प्रायोजित'. २०१२ च्या पूर्वार्धात हे मोबाईलवर सुरू झालं.

हे वाचताना आपल्याकडच्या कुणाला २००९ ची विधानसभा निवडणूक आठवली तर नवल नाही. पेड न्यूजचा तो गाजलेला विषय! बातमीच्या कपड्यात जाहिरात. फेसबुक निदान 'प्रायोजित' लिहितं, आपल्यातल्या काहींनी तेवढंही लिहिलं नव्हतं. असो.

निकाल काय लागला? २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत जाहिरात उत्पन्नातला मोबाईलचा वाटा १४ टक्के, चौथ्या तिमाहीत २३, पुढच्या वर्षी दुसऱ्या तिमाहीत ४१ आणि वर्षाअखेरीस ५३. इतर अ‍ॅप्स डाऊनलोड करायला लावणाऱ्या जाहिरातींचाही यात हात होता. जुलै २०१३ संपता संपता शेअरने पुन्हा ३८ गाठला. मधे सगळंच जमलं असंही नाही. एप्रिल २०१३ मध्ये 'फेसबुक होम' आणि ते घातलेला एचटीसी फर्स्ट नावाचा फोन आला. करारासह ९९ डॉलरचा फोन महिनाभरात ९९ सेंटवर! लोकांना फोनमध्ये फेसबुक हवं होतं, फोनच फेसबुकचा नको होता.

जे बनवता येईना ते विकत घेतलं. एप्रिल २०१२ मध्ये १३ माणसांचं इन्स्टाग्राम १०० कोटी डॉलरला ठरलं (शेअर पडल्याने प्रत्यक्षात कमी पडलं), फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप १९०० कोटींना.

आपणही या गोष्टीत आहोत. कीपॅडच्या जावा फोनवर चालणारं फेसबुक २०११ मध्येच आलं होतं, ते आपल्यासारख्या देशांसाठीच. आमच्या तालुक्यात कित्येकांनी कॉम्प्युटरवरचं फेसबुक कधी पाहिलंच नाही. २०१५ मध्ये इंटरनेट डॉट ऑर्गची मोफत योजना भारतात ज्या सहा राज्यांत आधी आली, त्यात महाराष्ट्र होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'ट्राय'ने वेगवेगळ्या दरांना बंदी घातली आणि ती बारगळली. पण तोवर माणसं फोनवर आली होती, आणि त्यांच्या मागोमाग शेठही.

दुकानातून निघताना शेठनी मोबाईल पुढे केला. वर कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो, खाली एका दशक्रिया विधीची पोस्ट आणि मधे शेठची पैठणी. मी पूर्ण पानाऐवजी पाव पानाचा दर सांगितला. "बघू," म्हणाले.