टुमॉरो, इन अ इयर

'टुमॉरो, इन अ इयर' हा 'द नाइफ' या स्वीडिश इलेक्ट्रॉनिक संगीत जोडीचा २०१० साली प्रकाशित झालेला दोन भागांचा अल्बम आहे. 'माउंट सिम्स' आणि 'प्लॅनिंगटूरॉक' या कलाकारांच्या सहकार्याने तो तयार झाला. चार्ल्स डार्विन यांच्या जीवनकार्यावरील याच नावाच्या संगीतिकेसाठी केलेल्या रचनांची ही ध्वनिमुद्रित आवृत्ती होय.

पार्श्वभूमी

'हॉटेल प्रो फॉर्मा' ही कर्स्टन डेलहोल्म यांनी स्थापन केलेली डॅनिश नाट्यसंस्था आहे. तिने या संगीतिकेचे संगीत द नाइफ यांच्याकडे सोपवले. कारिन ड्रेयर आणि ओलोफ ड्रेयर या भावंडांना त्यापूर्वी संगीतिकेचा कोणताही अनुभव नव्हता. पहिला प्रयोग सप्टेंबर २००९ मध्ये कोपनहेगन येथील रॉयल डॅनिश थिएटरमध्ये झाला. ते वर्ष डार्विन यांच्या जन्माचे २००वे आणि 'द ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या प्रकाशनाचे १५०वे वर्ष होते.

रंगमंचावर एक ऑपेरा गायिका, एक पॉप गायक आणि एक अभिनेत्री यांनी डार्विन, काळ व निसर्ग यांचे प्रतिनिधित्व केले. त्यांच्यासोबत सहा नर्तक होते. अल्बममध्येही क्रिस्टिना वालिन, योनाथन योहान्सन आणि लेर्के विंथर यांचेच आवाज आहेत.

रचना

इंग्रजी संहिता डार्विन यांच्या लेखनावर व पत्रांवर आधारित आहे. निसर्गातील ध्वनींच्या अभ्यासासाठी ओलोफ ड्रेयर यांनी ॲमेझॉनच्या जंगलातील ध्वनिमुद्रण कार्यशाळेत भाग घेतला. काही रचनांची बांधणी रिचर्ड डॉकिन्स यांच्या जनुकवृक्षाच्या कल्पनेवरून केलेली आहे.

अल्बममध्ये एकूण १६ रचना आहेत. आरंभी तुटक, सुटे ध्वनी ऐकू येतात. पहिल्या भागात भूस्तर, खनिजे, पक्षी असे विषय असून ठेका व चाल जवळजवळ नाहीत. 'लेटर टू हेन्स्लो' या रचनेचे शीर्षक केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हेन्स्लो यांच्याशी संबंधित आहे. 'बीगल' जहाजावरील सफरीची संधी डार्विन यांना त्यांच्यामुळेच मिळाली होती.

दुसऱ्या भागात संगीत हळूहळू गीताचे रूप घेते. 'ॲनीज बॉक्स' ही रचना डार्विन यांची कन्या ॲनी हिच्याविषयी आहे. १८५१ साली वयाच्या दहाव्या वर्षी तिचे निधन झाले. लेखनसाहित्याची तिची पेटी आईवडिलांनी जपून ठेवली होती. हेच गीत अल्बमच्या शेवटी वेगळ्या आवाजात पुन्हा येते. सुमारे ११ मिनिटांच्या 'कलरिंग ऑफ पिजन्स' या रचनेत तालवाद्यांच्या ठेक्यावर गायकांबरोबर कारिन ड्रेयर यांचाही आवाज आहे. कृत्रिम निवडीच्या अभ्यासासाठी डार्विन स्वतः कबुतरे पाळत असत, हा या शीर्षकाचा संदर्भ आहे.

प्रतिसाद

समीक्षकांची मते विभागलेली होती. रंगमंचावरील दृश्यांविना पहिला भाग ऐकणे काहींना अवघड वाटले, तर काहींनी त्यातील धाडसाची प्रशंसा केली. 'सायलेंट शाउट' (२००६) या अल्बममधील नृत्यसंगीताच्या अपेक्षेने आलेल्या श्रोत्यांसाठी हा मोठा बदल होता. दीर्घ व प्रयोगशील रचनांकडील हा कल 'शेकिंग द हॅबिच्युअल' (२०१३) या पुढील अल्बममध्येही दिसून येतो.