बार्मेनचे घोषणापत्र

विसाव्या शतकातील प्रोटेस्टंट ख्रिस्ती इतिहासात बार्मेनच्या घोषणापत्राला विशेष स्थान आहे. जर्मनीतील वुपर्टाल शहराच्या बार्मेन भागात, गेमार्के चर्चमध्ये, २९ ते ३१ मे १९३४ या काळात भरलेल्या धर्मसभेने ते एकमताने स्वीकारले. लुथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त अशा तिन्ही परंपरांचे सुमारे १४० प्रतिनिधी सभेस उपस्थित होते. धर्मसुधारणेच्या काळापासून परस्परांशी वाद घालत आलेल्या या परंपरांनी श्रद्धेविषयीचा एकच मजकूर मान्य करावा, हीच मुळात मोठी घटना होती.

ज्या खोट्या शिकवणुकीविरुद्ध ही सभा भरली, ती बाहेरून आलेली नव्हती. 'जर्मन ख्रिस्ती' नावाची चळवळ चर्चमध्येच वाढली होती. राष्ट्र, वंश आणि हिटलरचा उदय यांतूनही ईश्वर बोलतो, असे तिचे प्रतिपादन होते. जुलै १९३३ मधील चर्चच्या निवडणुकीत हिटलरने आदल्या रात्री नभोवाणीवरून तिला पाठिंबा दिला आणि तिने दोन तृतीयांशाहून अधिक मते मिळवली. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या धर्मसभेने ज्यू वंशाच्या पाळकांना पदावरून दूर करण्याचा नियम केला. त्याच महिन्यात हिटलरचा विश्वासू लुडविग म्युलर राष्ट्रीय बिशप झाला. १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या क्रीडाप्रासादात सुमारे वीस हजारांच्या सभेपुढे राइनहोल्ड क्राउसे याने 'ज्यू' म्हणून जुना करारच टाकून देण्याची मागणी केली. तोपर्यंत स्वस्थ राहिलेले अनेक जण या भाषणाने खडबडून जागे झाले. पाळक मार्टिन नीम्योलर यांनी स्थापन केलेल्या पाळकांच्या आणीबाणी संघाची सदस्यसंख्या काही आठवड्यांतच हजारोंनी वाढली.

घोषणापत्राचा मसुदा मुख्यतः बॉन विद्यापीठातील प्राध्यापक, धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट यांचा. फ्रँकफर्ट येथे झालेल्या बैठकीत दोघे लुथरन सहकारी दुपारी वामकुक्षी घेत असताना आपण कडक कॉफी आणि ब्राझीलच्या सिगारींच्या साह्याने तो लिहून काढला, असे ते पुढे मिश्किलपणे सांगत.

मजकुरात सहा कलमे आहेत. प्रत्येक कलम पवित्र शास्त्रातील वचनाने सुरू होते, मग श्रद्धेचे विधान येते आणि शेवटी त्याविरुद्ध जाणारी शिकवण स्पष्ट शब्दांत नाकारली जाते. नुसते सत्य सांगून भागत नाही, कशाला नकार आहे तेही सांगावे लागते, ही जुनी ख्रिस्ती रीत येथे पाळलेली दिसते. पहिले कलम साऱ्याचा पाया आहे: पवित्र शास्त्र ज्याची साक्ष देते तो येशू ख्रिस्त हेच देवाचे एकमेव वचन, त्याच्या जोडीला अन्य घटना, सत्ता वा व्यक्ती यांना देवाचे प्रकटीकरण मानणे चर्चने नाकारले. चर्चमध्ये सर्वाधिकारी नेते नेमण्याची कल्पना चौथ्या कलमाने फेटाळली. न्याय आणि शांतता राखणे हे राज्यसंस्थेचे काम पाचव्या कलमाला मान्य आहे, परंतु मानवी जीवनाची एकमेव व्यवस्था होण्याचा तिचा दावा मान्य नाही.

या घोषणेतून 'अंगीकारी मंडळी' उभी राहिली आणि तिला किंमत मोजावी लागली. बार्ट यांची प्राध्यापकी १९३५ मध्ये गेली व ते स्वित्झर्लंडला परतले. नीम्योलर १९३७ पासून १९४५ पर्यंत कैदेत होते. या मंडळीतील तरुण धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग छळछावणीत फाशी देण्यात आली.

तथापि या दस्तऐवजात एक मोठी पोकळी आहे. सहा कलमांत ज्यूंवरील अत्याचारांचा उल्लेख कोठेही नाही. चर्चच्या स्वातंत्र्याचे रक्षण झाले, शेजाऱ्याचा प्रश्न मात्र बाहेरच राहिला. बोनहोफर यांनी १९३३ मध्येच सुचवले होते, की चाकाखाली चिरडलेल्यांना मलमपट्टी करून चर्चने थांबू नये, प्रसंगी चाकच अडवावे. खुद्द बार्ट यांनी १९६७ मध्ये एका पत्रात हा दोष आपल्या पदरी घेतला. असा मजकूर १९३४ मध्ये सभेला मानवला नसता, हे त्यांना ठाऊक होते. पण आपण त्यासाठी निदान झगडलोही नाही, याला ती सबब होऊ शकत नाही, असे त्यांनी कबूल केले.

बार्मेनची विधान आणि नकार ही घडण पुढे दक्षिण आफ्रिकेत पोहोचली. तेथील मिश्रवर्णीय ख्रिस्ती समाजाच्या डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने १९८२ मध्ये बेलहार येथे मांडलेल्या आणि १९८६ मध्ये स्वीकारलेल्या श्रद्धापत्रात वंश व वर्णाच्या आधारे माणसांना सक्तीने वेगळे ठेवणे नाव घेऊन नाकारले आहे.