वाफेकडून विजेकडे: वलवणचे पाणी आणि मुंबईच्या गिरण्या
टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी 1910 मध्ये स्थापन झाली आणि वलवण, लोणावळा व शिरवता या मावळातील तलावांच्या योजनेतून, घाटाखालच्या खोपोली वीजगृहामार्फत, 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. चालू गिरणीचा भार वाफेच्या इंजिनावरून विजेवर नेणे हे मोठे जोखमीचे काम होते. त्यावरचा एक उपाय असा की यंत्रे जागीच ठेवून त्यांना फिरवणारा सामाईक दांडा, म्हणजे लाइनशाफ्ट, तेवढा मोटारीला जोडायचा. चालू काम हलवण्याचा असाच प्रश्न आज संगणकांतही येतो: आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेला संगणक, दुसऱ्या सर्व्हरवर नेताना तो चालू असतानाच त्याची स्मृती नकलली जाते, मधल्या काळात बदललेला भाग पुन्हा पाठवला जातो आणि अखेरीस क्षणभरच त्याला थांबवले जाते. गिरण्यांना मात्र अशी नक्कल करण्याची सोय नव्हती.