गवई, भूषण रामकृष्ण
(२४ नोव्हेंबर १९६०– ). भारताचे ५२वे सरन्यायाधीश. या पदावर आलेले पहिले बौद्ध, आणि के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे दुसरे दलित. जन्म अमरावतीचा; मूळ गाव त्याच जिल्ह्यातील दारापूर. वडील रा. सू. गवई हे रिपब्लिकन नेते, विधान परिषदेचे सभापती आणि पुढे बिहार, केरळचे राज्यपाल, आई कमलताई.

प्राथमिक शिक्षण अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यातील नगरपालिकेच्या शाळेत, नंतरचे मुंबईत. वाणिज्याच्या पदवीनंतर कायद्याची पदवी मात्र अमरावती विद्यापीठाची. बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंतची महाविद्यालये सामावणारे हे विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले.

१६ मार्च १९८५ रोजी वकिली सुरू केली. आरंभी बॅ. राजा भोसले यांच्या हाताखाली, १९८७ पासून मुंबईत स्वतंत्रपणे आणि १९९० नंतर मुख्यतः मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. बुलढाणा, अकोल्यासह साऱ्या विदर्भाची अपिले आणि रिट अर्ज याच खंडपीठात येतात. दंडाधिकारी वा दिवाणी न्यायाधीश म्हणून ते कधी बसले नाहीत. खालच्या न्यायालयांतले कामकाज त्यांनी पाहिले ते वकिलाच्या बाजूने. नागपूर आणि अमरावती महापालिकांची वकीलपत्रे त्यांच्याकडे होती. १७ जानेवारी २००० रोजी ते खंडपीठाचे सरकारी वकील झाले, १४ नोव्हेंबर २००३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश, २००५ मध्ये कायम.

२४ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात नेमणूक. नोटाबंदी वैध ठरवणारा बहुमताचा निकाल (२०२३) त्यांनी लिहिला. आरोपीचे घर बुलडोझरने पाडण्याला चाप लावणारा, १५ दिवसांची नोटीस सक्तीची करणारा निकाल (२०२४) त्यांच्याच पीठाचा. पण त्यांची खरी कसोटी लागली ती आरक्षणासाठी अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याच्या खटल्यात (१ ऑगस्ट २०२४). सात न्यायमूर्तींपैकी सहांनी उपवर्गीकरण मान्य केले. गवई यांनी स्वतंत्र निकालपत्रात आणखी पुढे जाऊन अनुसूचित जाती-जमातींतही ‘क्रीमी लेयर’ (आरक्षणातून वगळायचा प्रगत स्तर) ओळखण्याचे धोरण राज्यांनी आखावे, असे मत दिले. ज्या दलित चळवळीत ते वाढले, तिच्यातूनच यावर तीव्र टीका झाली.

१४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीशपदाची शपथ. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. त्या भागातील वकिलांची ही मागणी कित्येक दशकांची होती. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद स्वीकारणार नाही, असे त्यांनी पदावर असतानाच जाहीर केले होते.