बागेतील लाकडी केबिन

राहत्या घरापासून सुटी, पण त्याच आवारात उभारलेली आणि आडवे ओंडके किंवा जाड फळ्या एकावर एक रचून भिंती केलेली एकमजली खोली. ब्रिटन, आयर्लंड, नेदरलंड्स, जर्मनी आणि नॉर्डिक देशांत ती घरामागच्या बागेत बांधतात. अभ्यासिका, कार्यालय, व्यायामाची खोली, सुतारकामाची जागा किंवा पाहुणे आल्यावर चहा घेण्याचे ठिकाण असे तिचे उपयोग असतात. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करायची वेळ आली, तेव्हा ब्रिटनमध्ये तिला एकाएकी मागणी आली.

विक्रेते ‘लॉग केबिन’ आणि ‘गार्डन रूम’ ही नावे सरमिसळ वापरतात, तरी बांधणीच्या दृष्टीने या दोन निराळ्या वस्तू आहेत. लॉग केबिनमध्ये एकच लाकूड छपराचे वजन पेलते, वारापाऊस अडवते आणि आतून भिंत म्हणून दिसते. गार्डन रूमला लाकडी सांगाडा असतो. त्याच्या पोटात उष्णतारोधक थर, बाहेरून फळ्या आणि आतून जिप्सम बोर्ड अशी तिची घडण असते. पहिली तुलनेने स्वस्त असून दोन-चार दिवसांत उभी राहते. दुसरी महाग, पण भर थंडीत बसता येईल अशी. ग्राहकाची फसगत होते ती बहुधा हा फरक न कळल्याने.

इतिहास : ओंडके रचून घर बांधण्याची रीत स्कँडिनेव्हिया, बाल्टिक प्रदेश आणि रशियात फार जुनी आहे. स्प्रूस आणि पाइन या सूचिपर्णी झाडांची सरळसोट खोडे तिथे मुबलक होती. कुऱ्हाडीने कोपऱ्यांना खाचा पाडून ओंडके एकमेकांत बसवायचे आणि फटींत शेवाळ ठासायचे, एवढ्यावर घर उभे राही. या कलेचा कळस ओनेगा सरोवरातील किझी बेटावर पाहायला मिळतो. तिथले १७१४ चे रूपांतरण चर्च २२ घुमटांचे आणि सुमारे ३७ मीटर उंच असून ते सारे लाकडाचे आहे.

अमेरिकेत ही रीत नेली ती १६३८ मध्ये डेलावेअर नदीकाठी वसलेल्या ‘न्यू स्वीडन’ वसाहतीतील स्वीडिश आणि फिनिश लोकांनी. जेम्सटाउन (१६०७) आणि प्लिमथ (१६२०) येथे उतरलेल्या इंग्रजांना ती ठाऊक नव्हती. ते मायदेशातल्यासारखी सांगाड्याची घरेच बांधत. तरीही पहिले इंग्रज वसाहतकार ओंडक्यांच्या झोपड्यांत राहत होते असे चित्र अमेरिकी शाळांतून दीर्घकाळ रंगवले गेले. हॅरल्ड शर्टलेफ यांच्या १९३९ च्या ग्रंथाने ते खोडून काढले.

या समजुतीला राजकारणाने खतपाणी घातले होते. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या पक्षाने लॉग केबिन हे प्रचाराचे चिन्ह केले आणि आपला उमेदवार साधा, रांगडा माणूस असल्याचे ठसवले. हॅरिसन जन्मले होते व्हर्जिनियातील एका श्रीमंत मळ्यावरच्या विटांच्या वाड्यात. अब्राहम लिंकन मात्र १८०९ मध्ये केंटकीत खरोखरच अशा झोपडीत जन्मले. हॉजनव्हिल येथे त्यांचे ग्रॅनाइट आणि संगमरवराचे स्मारक असून त्यात एक केबिन जपून ठेवली आहे. तिचे ओंडके लिंकन यांच्या जन्मानंतरच्या काळातले निघाल्यामुळे आता तिला केवळ प्रतीकात्मक म्हणतात. हेन्री डेव्हिड थोरो यांच्या वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीबद्दलही असाच घोळ आहे. ती १० × १५ फुटांची झोपडी लॉग केबिन नव्हती, सांगाड्यावर फळ्या ठोकलेली होती. १८४५ मध्ये ते तिच्यात राहायला गेले आणि तिचा खर्च त्यांनी २८ डॉलर साडेबारा सेंट असा काटेकोर मांडून ठेवला.

बागेतल्या स्वतंत्र खोलीला प्रतिष्ठा दिली ती लेखकांनी. मार्क ट्वेन यांच्यासाठी १८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे अष्टकोनी अभ्यासिका बांधण्यात आली. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची हर्टफर्डशरमधील एयट सेंट लॉरेन्स येथील झोपडी फिरत्या बैठकीवर होती. ती ढकलून उन्हाकडे वळवता येई. व्हर्जिनिया वुल्फ (रॉडमेल), डिलन टॉमस (लारन) आणि रोआल्ड डाल (ग्रेट मिसेंडन) यांनीही अशाच खोल्यांत लेखन केले. टॉमस यांची खोली पाहूनच डाल यांनी आपली बांधून घेतली.

आजची केबिन : बागेसाठी विकली जाणारी केबिन गोल ओंडक्यांची नसते. कारखान्यात यंत्रावर कापलेल्या चौकोनी फळ्या सुट्या पाठवतात आणि जागेवर जोडतात. फिनलंड आणि एस्टोनिया या व्यवसायात आघाडीवर आहेत. लाकूड बहुतेक उत्तरेकडील स्प्रूसचे असते. तिथल्या थंडीत झाड सावकाश वाढते, त्यामुळे वर्षवलये दाट आणि लाकूड घट्ट होते. भिंतीची जाडी साधारण २८, ३४, ४४ किंवा ७० मिलिमीटर असते. पैकी २८ चे अवजारे ठेवण्यापलीकडे फारसे काही होत नाही. प्रत्येक फळीच्या वरच्या कडेला जीभ आणि खालच्या कडेला खोबण असते. जीभ नेहमी वर ठेवावी लागते. उलटी लावली तर खोबणीत पावसाचे पाणी साचते आणि भिंत आतून कुजू लागते.

लाकडाची हालचाल : केबिनचे सारे मर्म इथे आहे. लाकूड हवेतली आर्द्रता घेते आणि सोडते, त्याप्रमाणे फुगते आणि आक्रसते. धाग्यांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, हा फरक नगण्य असतो. आडव्या दिशेने मात्र तो डोळ्यांना दिसतो. केबिनच्या भिंतीत सगळ्या फळ्या आडव्या असल्याने उंचीची दिशा हीच नेमकी आक्रसण्याची दिशा ठरते. स्प्रूसमधील ओलाव्याचे प्रमाण एका टक्क्याने बदलले, तर फळीची रुंदी ढोबळमानाने ०.२ टक्के बदलते. उन्हाळा-हिवाळ्यात ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक पडला, तर २.१ मीटर उंचीची भिंत सुमारे २ सेंटिमीटर खालीवर होते. विटांच्या भिंतीची सवय असलेल्या गवंड्याला हे पटत नाही, पण वर्षानुवर्षे दर ऋतूत ती भिंत अशीच हलत राहते.

म्हणून केबिनमध्ये काहीही जखडायचे नसते. दार-खिडकीच्या चौकटी भिंतीला स्क्रूने पक्क्या करत नाहीत. त्या खाचेत सरकत्या बसवतात आणि त्यांच्या डोक्यावर मोकळी फट ठेवून ती पट्टीने झाकतात. ही फट कुणी फोम भरून बंद केली, की आक्रसताना वरच्या फळ्या चौकटीवर अडकतात, खालच्या खाली बसतात आणि मध्ये आरपार उजेड दिसू लागतो. फडताळ किंवा कपाट एकाहून अधिक फळ्यांना घट्ट ठोकले तरी तेच होते. त्यासाठी उभ्या पट्टीला लांबट भोके पाडून, त्यांतून सैलसर स्क्रू घालून ती बसवावी. वाऱ्याने छप्पर उचलले जाऊ नये म्हणून कोपऱ्यांत उभे सळ किंवा पट्ट्या लावतात. त्यांनाही सरकायला वाव लागतो. पहिल्या वर्षी दार अडकते, दुसऱ्या हंगामात सैल होते. बिजागऱ्या फिरवून ते जुळवून घेता येते, रंधा मारायची घाई करू नये.

पाया : केबिनचे वजन फार नसते, त्यामुळे पाया खोल नको. तो पाणसळीत मात्र हवा. टोकाला एक सेंटिमीटर उतार राहिला तरी कोपऱ्यांच्या खाचा नीट बसत नाहीत आणि वर जावे तसा दोष वाढत जातो. खडी किंवा मुरूम धुम्मस करून त्यावर १०० ते १५० मिलिमीटर काँक्रीट हा सर्वांत खात्रीचा पाया. जमिनीत फिरवून घालायचे पोलादी स्क्रूही आता पुष्कळ वापरतात. त्यांच्यामुळे बागेत खणाखणी होत नाही आणि झाडांची मुळे वाचतात. काँक्रीटची लादी केबिनच्या तळाएवढीच असावी. ती बाहेर आली तर पागोळ्यांचे पाणी तिच्यावर आपटून सर्वांत खालच्या फळीवर उडते आणि केबिन कुजायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला, की कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. म्हणून खालच्या तुळया परिरक्षक औषध दाबाने भरलेल्या घ्यायच्या, त्यांच्याखाली ओलावारोधक पट्टी घालायची आणि जमिनीखालून वारा खेळता ठेवायचा. पहिली ओळ लावल्यावर दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत का पाहावे. काटकोन इथे चुकला तर पुढे सुधारता येत नाही.

ऊब : जाहिरातीत सांगतात त्यापेक्षा लाकूड कमी उबदार असते. ४४ मिलिमीटर स्प्रूसच्या भिंतीचे यू-मूल्य, म्हणजे दर चौरस मीटरला दर अंशामागे बाहेर जाणारी उष्णता, सुमारे २ वॉट येते. इंग्लंडमध्ये नव्या घराच्या भिंतीसाठी कमाल मर्यादा ०.२६ आहे. ३ × ४ मीटरच्या केबिनमध्ये बाहेरच्यापेक्षा १५ अंश जास्त ऊब ठेवायची, तर नुसत्या भिंतींतून पाऊण किलोवॉट उष्णता सतत निसटते. छत आणि जमीन यांचा हिशेब वेगळाच. या दोन ठिकाणी मात्र उपाय सोपा आहे. छताच्या फळ्यांवर उष्णतारोधक पत्रे टाकून वर शिंगल किंवा रबराचे आच्छादन घालावे, जमिनीखालीही तसेच पत्रे बसवावेत. भिंतीला आतून थर द्यायचा तर तो हलत्या फळ्यांना जखडता येत नाही, शिवाय मधल्या पोकळीत दमट हवा अडकून घाम सुटतो. म्हणून ज्यांना बारा महिने बसून काम करायचे आहे, त्यांनी केबिनचा मोह सोडून सांगाड्याची गार्डन रूमच घ्यावी.

परवानगी : इंग्लंडमध्ये बहुतेक घरांच्या बागेतील अशा खोलीला वेगळी नियोजन परवानगी लागत नाही, पण अटी पाळाव्या लागतात. खोली एकमजली हवी आणि घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे येता कामा नये. वळचण २.५ मीटरपेक्षा उंच नको. दुपाखी छपराची एकूण उंची ४ मीटरपर्यंत आणि इतर छपरांची ३ मीटरपर्यंत चालते. खोलीचा कोणताही भाग हद्दीपासून २ मीटरच्या आत असेल, तर एकूण उंची २.५ मीटरवर थांबते. बागा लहान असल्याने प्रत्यक्षात हीच अट बहुतेकांना लागू होते आणि म्हणूनच बाजारात २.५ मीटरला बेतलेल्या बुटक्या केबिनांचा सुकाळ आहे. मूळ घराभोवतालच्या जमिनीपैकी निम्म्याहून अधिक जागा बांधकामांनी व्यापता येत नाही. ‘मूळ’ म्हणजे १ जुलै १९४८ रोजी होते तसे किंवा त्यानंतर पहिल्यांदा बांधले तसे. फ्लॅटधारकांना ही सवलत नाही, वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तूंच्या आवारात परवानगी घ्यावीच लागते.

बांधकामाचे तांत्रिक नियम यापासून वेगळे आहेत. १५ चौरस मीटरपर्यंतच्या आणि झोपण्याची सोय नसलेल्या खोलीला ते सहसा लागू होत नाहीत. १५ ते ३० चौरस मीटरच्या खोलीला सूट हवी, तर ती हद्दीपासून किमान १ मीटर दूर किंवा मुख्यतः न जळणाऱ्या साहित्याची लागते. लाकडी केबिनला दुसरा पर्याय उघडच बंद आहे. वीजजोडणीला मात्र सूट नाही. घरापासून चिलखती केबल टाकून, नोंदणीकृत कारागिराकडून किंवा नगरपालिकेच्या तपासणीखाली ती करावी लागते. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम निराळे आहेत.

भारतातील स्थिती : भारतात लाकडाच्या आडव्या थरांची स्वतःची परंपरा हिमाचल प्रदेशात आहे. काठकुणी पद्धतीत देवदाराच्या तुळया आणि दगडाचे थर आलटूनपालटून चुन्या-मातीवाचून रचतात. कुलू खोऱ्यातील नग्गरचा किल्ला हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. दगडामुळे वजन मिळते आणि लाकडामुळे भूकंपात भिंत लवचिक राहते.

महाराष्ट्रात असे काही घडले नाही. सरळ वाढणारी सूचिपर्णी झाडे इथे नाहीत, सागवान भिंती रचण्याइतके स्वस्त कधीच नव्हते आणि वाळवीची धास्ती कायमची. लाकूड जमिनीला टेकू द्यायचे नाही हे इथल्या सुतारांनाही ठाऊक होते. वाड्यातला लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, तो त्यासाठीच. अलीकडे लोणावळा, पाचगणी या भागांतल्या रिसॉर्टमध्ये आणि शेतघरांत आयात पाइनच्या केबिना दिसू लागल्या आहेत. युरोपातल्या रिमझिम पावसासाठी बेतलेले छप्पर आणि आखूड वळचण सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पावसाला पुरत नाही. छपराची पाखी दोन-अडीच फूट बाहेर काढणे, जोते उंच घेणे, पायाला वाळवीप्रतिबंधक उपचार करणे आणि दर पावसाळ्यापूर्वी बाहेरून, विशेषतः कोपऱ्यांतल्या फळ्यांच्या कापलेल्या टोकांना, परिरक्षक लावणे इथे अनिवार्य आहे. लाकडी आणि सुटी होणारी आहे म्हणून परवानगी लागत नाही, ही समजूतही खरी नाही. आधी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा नियोजन प्राधिकरणाकडे विचारणा करावी. कोकणात तर अंगणात जास्तीची खोली हवी असेल, तर जांभ्याच्या भिंती आणि वर लाकडी वाशांचे कौलारू छप्पर हाच केबिनपेक्षा टिकाऊ पर्याय आहे.